रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो आणि जुनी मिनी: मोठी क्लासिक गाडी आणि छोटी क्लासिक गाडी यांत नेमका फरक काय?

जुन्या गाड्यांच्या रॅलीला कधी गेला असाल तर हे दृश्य ओळखीचं असेल. लांबलचक रोल्स-रॉइसभोवती गर्दी, प्रत्येकाला तिच्यासोबत फोटो हवा. थोड्या अंतरावर एक चिमुकली मिनी उभी असते. तिच्याकडे बघून लोक हसतात, पोरं आत बसायचा हट्ट करतात. एक 'राजेशाही', दुसरी 'गोड', असं म्हणून आपण पुढे सरकतो.

पण बॉनेट उघडून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. तांत्रिकदृष्ट्या ही छोटी गाडी अजिबात 'साधी' नाही, आणि मोठी गाडी नुसती 'मोठी' नाही. दोन्ही गाड्यांत त्या काळातली भन्नाट हुशारी आहे, फक्त ती वेगवेगळ्या जागी वापरली आहे. या लेखात आपण रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो (१९६५ ते १९८०) आणि मूळ मिनी (१९५९ ते २०००) या दोन ब्रिटिश गाड्या शेजारी शेजारी ठेवून बघणार आहोत.

आधीच एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे ती उपयोगी पडेल: गाडी बनवणाऱ्यानं जिथे जास्त डोकं लढवलं, पन्नास वर्षांनी मालकाचा खिसा तिथेच रिकामा होतो.

## आधी आकडे बघू

| बाब | सिल्व्हर शॅडो (सुरुवातीचं मॉडेल) | मिनी (सुरुवातीचं मॉडेल) |
|---|---|---|
| बाजारात आली | १९६५ | १९५९ |
| लांबी | ५.१७ मीटर | ३.०५ मीटर |
| रुंदी | १.८० मीटर | १.४० मीटर |
| व्हीलबेस | ३.०४ मीटर | २.०४ मीटर |
| वजन | सुमारे २१०० किलो | सुमारे ६०० किलो |
| इंजिन | ६२३० सीसी, व्ही-८ | ८४८ सीसी, ४ सिलिंडर |
| ताकद | कंपनीनं जाहीर केली नाही | ३४ हॉर्सपॉवर |
| कोणती चाकं ओढतात | मागची | पुढची |
| गिअर | ऑटोमॅटिक | ४ स्पीड मॅन्युअल |
| ब्रेक | चारही चाकांना डिस्क | चारही चाकांना ड्रम |
| किती जण बसतात | ५ | ४ |

व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर. आता गंमत बघा. शॅडोचा व्हीलबेस ३.०४ मीटर आहे आणि मिनीची *पूर्ण* लांबी ३.०५ मीटर. म्हणजे शॅडोच्या दोन चाकांमध्ये जेवढं अंतर आहे, जवळजवळ तेवढीच अख्खी मिनी!

दुसरा हिशोब जागेचा. लांबी गुणिले रुंदी केली तर मिनी रस्त्यावर सुमारे ४.३ चौरस मीटर जागा घेते, शॅडो ९.३ चौरस मीटर. जागा दुपटीहून जास्त, वजन साडेतीन पट, इंजिन सात पटीहून मोठं. आणि बसणारी माणसं? फक्त एक जास्त. मग ही बाकीची जागा, वजन आणि ताकद जाते कुठे, हाच खरा प्रश्न आहे.

## मिनी: दहा फुटांत चार माणसं बसवायची कशी?

१९५६ साली सुएझ कालव्याचं संकट आलं आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. लोक छोट्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या शोधू लागले. तेव्हा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी, या कंपनीचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी इंजिनिअर अ‍ॅलेक इसिगोनिस यांना काम दिलं: खरीखुरी छोटी गाडी बनवा, पण इंजिन आपल्याकडे आहे तेच वापरा.

अडचण अशी की, त्या काळच्या नेहमीच्या गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेनं बसवलेलं असे. आपली प्रीमियर पद्मिनी आठवा. बॉनेटखाली इंजिन पुढून मागे, त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग सीटखालून जाणारा लांब शाफ्ट आणि शेवटी मागची चाकं. या रांगेतच गाडीची बरीच लांबी संपते. पद्मिनी जवळपास ४ मीटर होती. मिनीला ३ मीटरमध्ये भागवायचं होतं.

इसिगोनिस यांनी चार गोष्टी केल्या:

- इंजिन आडवं फिरवलं. सिलिंडरची रांग डावीकडून उजवीकडे. त्यामुळे बॉनेट आखूड झालं.
- गिअरबॉक्स इंजिनच्या खाली बसवला. जिथे इंजिन ऑईल साठतं त्या भागातच गिअर ठेवले. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच ऑईल.
- ताकद पुढच्या चाकांना दिली. मागे जाणारा शाफ्टच गेला, त्यामुळे आतली फरशी जवळजवळ सपाट झाली. वळतानाही चाकाला एकसारखी ताकद मिळावी म्हणून खास प्रकारचे जॉइंट वापरले.
- चाकं फक्त १० इंचांची घेतली आणि ती गाडीच्या चार कोपऱ्यांत ढकलली. छोटं चाक म्हणजे आत घुसणारा मडगार्डचा फुगवटाही छोटा.

नेहमीच्या स्प्रिंगलाही फाटा दिला. अ‍ॅलेक्स मोल्टन या इंजिनिअरनं रबराचे शंकूच्या आकाराचे तुकडे तयार केले होते, तेच स्प्रिंगचं काम करू लागले. या सगळ्याचा परिणाम असा की, गाडीच्या एकूण जागेपैकी सुमारे ८० टक्के जागा माणसं आणि सामानासाठी मोकळी राहिली.

आडवं इंजिन आणि पुढची चाकं ओढणारी रचना आज आपल्याला इतकी सवयीची आहे की त्यात विशेष काही वाटत नाही. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्येही हीच मूळ कल्पना होती. फरक एवढाच की, मारुतीसारख्या नंतरच्या गाड्यांत गिअरबॉक्स इंजिनच्या खाली नसून बाजूला असतो आणि त्याचं ऑईल वेगळं असतं.

## शॅडो: मोठी गाडी, पण आधीच्या गाडीपेक्षा छोटी!

हे वाचून आश्चर्य वाटेल, पण सिल्व्हर शॅडो ही तिच्या आधीच्या सिल्व्हर क्लाउडपेक्षा लांबीनं आणि रुंदीनं कमी होती. तरी आत जागा जास्त होती. हे कसं जमलं?

क्लाउडला वेगळी चॅसी होती, म्हणजे खाली लोखंडी सांगाडा आणि त्यावर बॉडी. शॅडो ही रोल्स-रॉइसची पहिली मोनोकॉक गाडी. मोनोकॉक म्हणजे बॉडी हाच सांगाडा, वेगळी चॅसी नाही. त्यामुळे फरशी खाली आली, गाडीची उंची कमी झाली आणि आतली जागा वाढली. थोडक्यात, जागेचं जे गणित मिनीनं सोडवलं तेच शॅडोनंही सोडवलं, फक्त वेगळ्या मापात.

इंजिन होतं ६.२३ लिटरचं अ‍ॅल्युमिनियम व्ही-८. हे इंजिन पहिल्यांदा आलं १९५९ साली, म्हणजे मिनीच्याच वर्षी. १९७० मध्ये ते ६.७५ लिटरचं झालं. त्याचाच सुधारलेला वंशज बेंटलेच्या मुल्सान गाडीत थेट २०२० पर्यंत चालला. ताकद किती, असं विचारलं तर रोल्स-रॉइसचं त्या काळचं ठरलेलं उत्तर एकच: 'पुरेशी'.

पण शॅडोची खरी हुशारी इंजिनात नाही. ती आहे हायड्रॉलिक्समध्ये.

## शॅडोची हायड्रॉलिक सिस्टिम सोप्या भाषेत

साध्या गाडीत ब्रेक दाबला की तुमच्या पायाच्या जोरानं ब्रेक ऑईल पुढे ढकललं जातं. शॅडोत तसं नाही. इंजिनवर चालणारे दोन पंप द्रवाला प्रचंड दाबाखाली आणतात. हा दाब अ‍ॅक्युम्युलेटर नावाच्या गोळ्यांमध्ये साठवला जातो. त्या गोळ्यांत एका बाजूला नायट्रोजन वायू आणि दुसऱ्या बाजूला द्रव असतो. वायू दाबला जातो आणि स्प्रिंगसारखा दाब धरून ठेवतो. तुम्ही ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवता तेव्हा फक्त व्हॉल्व्ह उघडता, बाकी जोर साठवलेला दाब लावतो. म्हणून २१०० किलोची गाडी हलक्या पायानं थांबते.

असे दोन स्वतंत्र मार्ग ठेवले होते, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा चालू राहावा. दाब कमी झाला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो.

याच दाबातून आणखी एक काम होतं: गाडीची पातळी सारखी ठेवणं. मागे तीन माणसं बसली, डिकीत बॅगा भरल्या की कोणतीही गाडी मागून खाली बसते. शॅडो आपोआप पुन्हा वर उचलली जाते. दार उघडं असताना किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असताना हे काम पटकन होतं, चालत्या गाडीत सावकाश. हे तंत्र रोल्स-रॉइसनं फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीकडून परवाना घेऊन वापरलं होतं. सुरुवातीला पुढे आणि मागे दोन्हीकडे ही सोय होती. बहुतेक काम मागचीच बाजू करते हे लक्षात आल्यावर १९६९ मध्ये पुढची काढून टाकली.

इथे एक गैरसमज दूर करू. शॅडो सिट्रोएनसारखी द्रव आणि वायूवर 'तरंगत' नाही. तिला साध्या लोखंडी कॉइल स्प्रिंगच आहेत. हायड्रॉलिक्स फक्त उंची सांभाळतं.

आणि योगायोग बघा. १९६४ मध्ये मिनीलाही द्रवाचं सस्पेन्शन मिळालं, नाव हायड्रोलॅस्टिक. पुढचं चाक उंचवट्यावर गेलं की पाइपमधून द्रव मागे ढकलला जाई, मागची बाजूही उचलली जाई आणि गाडी डोलायची कमी. पण खर्च वाढत होता. काही वर्षांनी मिनी पुन्हा रबराच्या शंकूवर आली. म्हणजे १९६५ च्या सुमारास ब्रिटनमधली एक अगदी छोटी आणि एक अतिशय प्रतिष्ठेची, अशा दोन्ही गाड्या द्रवाच्या मदतीनं रस्ता गुळगुळीत करायला निघाल्या होत्या!

## चालवताना काय जाणवतं?

मिनी: स्टिअरिंग झटपट, गाडी बोटावर फिरते. चाकं कोपऱ्यांत आणि वजन खाली, त्यामुळे वळणावर ती रस्त्याला चिकटून राहते. याच गुणावर मिनी कूपर एसनं माँटे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये जिंकली, तीही कितीतरी मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना मागे टाकून. पण साधी ८४८ सीसी मिनी सरळ रस्त्यावर वेगवान नाही. कमाल वेग ताशी ११५ किमीच्या आसपास. आत आवाज भरपूर, रबराचं सस्पेन्शन कडक, आणि १० इंचांच्या चाकाला खड्डा म्हणजे विहीरच.

शॅडो: इथे सगळा भर शांततेवर. ताशी १८५ किमीपर्यंत जाण्याची ताकद आहे, पण गाडी तुम्हाला घाई करू देत नाही. स्टिअरिंग अतिशय हलकं, सुरुवातीच्या गाड्यांत तर इतकं की रस्ता हाताला कळतच नाही. वळणावर गाडी बऱ्यापैकी कलते. १९७७ मध्ये आलेल्या शॅडो-२ मध्ये रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग दिल्यावर हे बरंच सुधारलं.

पेट्रोल: मिनी लिटरला साधारण १४ किमी देते. शॅडो ४ ते ५ किमी.

## पन्नास वर्षांनंतर: दुखणं कुठे निघतं?

आता सुरुवातीचं वाक्य आठवा. हुशारी जिथे, खर्च तिथे.

मिनीचं दुखणं: पत्रा आणि एकत्र ऑईल. गाडी हलकी आणि स्वस्त ठेवण्यासाठी पातळ पत्रा आणि भरपूर जोड वापरले. पाणी त्या जोडांत शिरतं आणि आतून गंज धरतो. दारांखालची पट्टी, फरशी, डिकीचा तळ आणि मागचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती सबफ्रेम या नेहमीच्या जागा. सुरुवातीच्या गाड्यांत तर फरशीतून पाणी आत यायचं. डिस्ट्रिब्युटर ग्रिलच्या लगेच मागे असल्यामुळे जोराच्या पावसात तो भिजतो आणि गाडी बंद पडते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे लक्षात ठेवायलाच हवं. शिवाय गिअरमधून घासून निघालेले लोखंडाचे बारीक कण इंजिनच्याच ऑईलमध्ये फिरतात, म्हणून दर ५००० किमीच्या आत ऑईल बदलणं ही चैन नाही, गरज आहे.

शॅडोचं दुखणं: हायड्रॉलिक्स आणि लपलेला गंज. या गाडीला बाजारात मिळणारं कुठलंही ब्रेक ऑईल चालत नाही. तिला आरआर ३६३ नावाचा खास द्रव लागतो. हा द्रव हवेतला ओलावा शोषतो, त्यामुळे ठरावीक काळानं पूर्ण बदलावा लागतो. याच्या उलट, १९८० नंतरच्या रोल्स-रॉइस सिल्व्हर स्पिरिटला खनिज तेल लागतं. एकाचं तेल दुसरीत पडलं तर रबरी सील खराब होतात आणि अख्खी सिस्टिम उघडावी लागते. एक चुकीची बाटली, आणि बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतं.

बॉडीचंही तसंच. दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे ते चकाचक दिसतं. पण खालची मोनोकॉक स्टीलची आहे. चाकांच्या कमानी आणि दारांखालची पट्टी गंजली तर ते नुसतं डेंटिंग-पेंटिंगचं काम राहत नाही. बॉडी हाच सांगाडा असल्यामुळे गाडीची ताकदच कमी होते.

एक फरक मात्र मोठा आहे. मिनी बिघडली तर बहुतेक वेळा ती *सांगते*: पत्र्याला भोक दिसतं, गिअर ओरडतो, ऑईल गळतं. आणि जुन्या गाड्यांची सवय असलेला चांगला मेकॅनिक तिचं इंजिन सहज समजून घेतो. शॅडो मात्र शेवटपर्यंत शांत असते. शांतता हेच तिचं काम. म्हणून तिची तपासणी कानानं नाही, पद्धतीनं करावी लागते.

## बघायला गेलात तर काय तपासाल?

शॅडो बघताना
- इंजिन काही वेळ चालवून बंद करा, चावी ऑन ठेवा आणि ब्रेक पेडल पुन्हा पुन्हा दाबा. अ‍ॅक्युम्युलेटर चांगले असतील तर बऱ्याच वेळा दाबूनही दाबाचा दिवा लागत नाही. चार-पाच वेळांतच लागला तर खर्च ठरलेला.
- द्रव शेवटचा कधी आणि कोणता भरला, याची नोंद मागा. 'ब्रेक ऑईल टाकलंय' एवढं उत्तर पुरेसं नाही.
- गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा. लाकूड, चामडं आणि क्रोम सगळ्यात शेवटी.
- जुनी बिलं नाहीत, फक्त 'कमी चाललेली' आहे असं सांगितलं तर जास्त सावध व्हा. उभी राहिलेली शॅडो चालणाऱ्या शॅडोपेक्षा लवकर खराब होते.

मिनी बघताना
- गाडीतलं मॅट उचलून फरशी बघा, डिकीत बॅटरीखालचा भाग हातानं चाचपा.
- मागून बघा. मागची चाकं वरून आत झुकलेली किंवा गाडी एका बाजूला बसलेली असेल तर सबफ्रेम किंवा रबरचे शंकू संशयास्पद.
- गाडी चालवताना गिअर खाली टाकून बघा. दुसऱ्या गिअरला सिंक्रो गेला असेल तर टाकताना खरखर येते.
- नवीन रंगावर भुलू नका. जाड रंगाखाली पुटी असू शकते, छोटं लोहचुंबक खिशात ठेवा.

## भारतातल्या नियमाचं काय?

२०२१ पासून केंद्र सरकारचे विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आहेत. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली, इंजिन-बॉडीत मोठे बदल न केलेली खासगी गाडी त्यात बसते. नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांनाच परवानगी आहे. म्हणजे 'रोज ऑफिसला मिनीनं जाईन' हा बेत या नोंदणीवर जमणार नाही.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रोल्स-रॉइस असून शॅडो कधीकधी स्वस्त का मिळते?
सुमारे ३०,००० शॅडो आणि तिच्या भावंड गाड्या बनल्या. रोल्स-रॉइसच्या हिशोबानं हा आकडा मोठा आहे. आणि दुरुस्तीच्या खर्चाला घाबरून बरेच मालक विकून टाकतात. ब्रिटनमध्ये बेताच्या अवस्थेतली शॅडो कित्येकदा चांगल्या मिनी कूपर एसपेक्षा कमी किमतीत मिळते. पण ती फक्त *विकत घेण्याची* किंमत असते.

कोणत्या गाडीचे पार्ट सहज मिळतात?
मिनीचे. सुमारे ५४ लाख मिनी बनल्या आणि ब्रिटनमध्ये आजही तिची नवी कोरी बॉडीसुद्धा बनवून मिळते. शॅडोचेही बहुतेक पार्ट मिळतात, पण किंमत आणि बसवणारा माणूस दोन्ही शोधावे लागतात.

आजची मिनी आणि आजची रोल्स-रॉइस यांचा काही संबंध आहे का?
आहे. आज दोन्ही नावं बीएमडब्ल्यूकडे आहेत. मिनी १९९४ मध्ये रोव्हर कंपनीसोबत आली, रोल्स-रॉइस गाड्या २००३ पासून बीएमडब्ल्यू बनवते. शॅडो जिथे बनायची तो क्रू गावचा कारखाना मात्र बेंटलेकडे राहिला.

## मग कोणती 'भारी'?

मिनीनं कमी जागेत जास्त माणसं बसवायचा प्रश्न सोडवला, आणि तिचं उत्तर आज जवळपास प्रत्येक छोट्या गाडीत आहे. शॅडोनं जड गाडीत कसलाच त्रास जाणवू न देण्याचा प्रश्न सोडवला, आणि सपाट राहणारं सस्पेन्शन, हलके ब्रेक हे आज महागड्या गाड्यांत गृहीत धरलं जातं.

तुम्हाला स्वतःच्या हातानं पाना फिरवायला आवडत असेल, चुकत शिकायची तयारी असेल तर मिनी. ती चुका माफ करते. शॅडो घ्यायची असेल तर आधी तिचं हायड्रॉलिक्स कळणारा मेकॅनिक शोधा आणि मगच गाडी शोधा. गाडीच्या किमतीएवढेच पैसे बाजूला ठेवता येत नसतील, तर रॅलीत तिच्यासोबत फोटो काढणं हाच जास्त आनंदाचा सौदा आहे.